घर क्रमांक नऊचा मुराळी

चोर माझ्या घरी आला याबद्दल माझी काही तक्रार नाही. चोराचं कामच ते. माझी तक्रार वेगळी आहे. हा चोर वहीत नाव लिहून, आल्याची वेळ, येण्याचं कारण आणि गेल्याची वेळ असे चारही रकाने भरून, खाली सही ठोकून गेला. जळगावातल्या आमच्या गिरणामाई कॉलनीच्या सुरक्षा समितीच्या सव्वा महिन्याच्या कारकिर्दीत चारही रकाने नीट भरणारा हा एकमेव माणूस. दूधवाल्याने ते कधी भरले नाहीत. समितीच्या अध्यक्षांनी भरले नाहीत. वही मी स्वतः फुटपट्टी घेऊन आखली होती, तरी माझ्याही हातून एकदा 'कारण' कोरं राहिलं होतं, कारण स्वतःच्या घरी येण्याचं कारण काय लिहावं ते मला सुचलं नाही. चोराला सुचलं. त्याने लिहिलं, "अक्काला माहेरी नेणे."

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी रतिलाल नेहेते, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. माझं अक्षर साऱ्या कचेरीत वाखाणलं जातं, हे मी सांगतोय ते बढाई म्हणून नाही. पुढे जे रामायण झालं ते त्या अक्षरामुळेच झालं, म्हणून सांगावं लागतं.

सुरुवात झाली आखाजीवरून. बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेला लोक आमरस खाऊन झोपतात. आमच्या खानदेशात ती आखाजी. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी जाते, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसते, गाणी म्हणते आणि चार दिवस कोणाचं काही ऐकत नाही. तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणायचं. लेक पन्नाशीची झाली तरी मुराळी येतो. त्याचे केस पांढरे झाले तरी येतो. आमच्या सौ. पुष्पाबाईंचं माहेर फैजपूरचं. भाऊ कौतिक, केळीचा बागायतदार. तो चार वर्षं दर आखाजीला आला आणि चार वर्षं एकटाच परत गेला.

त्याला मी कारण होतो, हे मान्य करतो. पहिल्या वर्षी घराचा स्लॅब पडायचा होता. दुसऱ्या वर्षी पडलेल्या स्लॅबला पाणी मारायचं होतं. तिसऱ्या वर्षी घर नवं कोरं होतं, नवं घर बंद ठेवून जायचं कसं? चौथ्या वर्षी आम्ही निघालो, कौतिकसह एसटी स्टँडवर पोचलो, तेव्हा मागच्या दाराची कडी लावल्याचं मला आठवेना. मी परत आलो. कडी लावलेली होती. पुन्हा स्टँडवर गेलो, तर पुढच्या कुलपाला हिसका देऊन पाहिला होता की नाही ते आठवेना. तिसऱ्यांदा स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती, कौतिक गेला होता आणि सौ. ट्रंकेवर बसली होती. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. नंतर आठ दिवस बोलली नाही.

यंदा होळीच्या सुमाराला सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं. सासूबाई धुरपदाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात एवढंच होतं, "पुष्पे, झोका दर साली बांधते. रिकामाच हालतो. यंदा तरी ये माय." सौ.ने ते मला दाखवलं नाही. मी दाढी करतो त्या आरशाच्या फटीत खोचून ठेवलं. महिनाभर मी अर्धा गाल कापून घेत होतो.

"यंदा मी जाणार," ती म्हणाली. "तुम्ही या, नाहीतर घराला मिठी मारून बसा."

"दोघंही जाऊ," मी म्हणालो. "पण आधी बंदोबस्त करतो."

बंदोबस्ताची गरज नव्हती असं कोणी म्हणू नये. आमच्याकडे चोर दुपारी येतो. वैशाखात बारा ते चार जळगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळी प्रजा कूलरसमोर, आणि कूलरचा आवाज असा की शेजारी भिंत पाडली तरी समजू नये. मागच्या आखाजीला चौदा नंबरचा टीव्ही भर दुपारी गेला. घरधनी त्याच खोलीत कूलरसमोर झोपले होते. कूलर तेवढा चालू ठेवून चोर गेला, म्हणून ते अजून त्याला दयाळू म्हणतात.

मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे हवालदार धनसिंग म्हणून होते, मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अस्सल अहिराणी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, पोलीस कितला शेतस, गाव कितलं मोठं शे! तुम्हीच कमिटी करा. हाई पत्रक ल्या."

पत्रकाचं नाव 'चोरीपासून सावध'. सायक्लोस्टाइल केलेलं, बारा सूचनांचं. अकरा वाचता येत होत्या. सात नंबरची शाई पसरून तिथे नुसता निळा डाग पडला होता. मी विचारलं, "सात नंबरला काय आहे?" धनसिंगांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "काही महत्त्वाचं नसावं." हे वाक्य त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं, म्हणून माझा विश्वास बसला.

समिती स्थापन करायला तीन हेलपाटे पडले. अर्ज तीन प्रतींत. सभासदांच्या चारित्र्याचे दाखले. माझ्या चारित्र्याचा दाखला मला माझ्याच कचेरीतल्या साहेबांकडून घ्यावा लागला, आणि तो टाइप मलाच करावा लागला. 'यांचे चारित्र्य माझ्या माहितीप्रमाणे चांगले आहे' हे स्वतःबद्दल टाइप करताना माणसाला काय वाटतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

सभा आमच्या गच्चीवर झाली. चोवीस घरांपैकी एकोणीस घरांतून माणसं आली आणि एकोणचाळीस सल्ले आले. चुडामण भंगाळे हे अध्यक्ष, कारण त्यांच्याकडे जीप आहे. त्यांनी यावलहून एक कुत्रा आणून दिला. 'वाघासारखा आहे' म्हणाले. तो दोन दिवसांत माझ्या कूलरखाली पाणी गळतं ती ओली जागा शोधून तिथे आडवा झाला, आणि मला वाटतं त्याने आयुष्यात फक्त पोस्टमनवर भुंकून घेतलं. गेटवरचं काम अभिमन नानांनी मागून घेतलं. नाना भुसावळचे रिटायर्ड रेल्वे गार्ड. तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढलेली. त्यांच्याकडे शिट्टी, हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि बसायला स्वतःचं स्टूल होतं. त्यांनी शिट्ट्यांची भाषा ठरवून दिली. एक लांब म्हणजे सगळं ठीक. तीन तुटक म्हणजे चोर. पहिल्या आठवड्यात त्यांनी सवयीने एक लांब वाजवून हिरवी झेंडी दाखवली की गेटसमोरून जाणारे टांगेसुद्धा सुटायचे.

समोरच्या दहा नंबरच्या कुंदाबाईंचा मात्र विरोध होता. कुंदाबाई म्हणजे दुपारी सावलीला ओट्यावर बसून गहू निवडणाऱ्या, कुरडया राखणाऱ्या, आणि कॉलनीत कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हसत गेलं की तोंड पाडून गेलं, हे सगळं मान वर न करता सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, "रतिलालभाऊ, वही कशाले? मी बसेल असतेच ना ओट्यावर."

आता हे मला लागलं. मी तीन हेलपाटे घातले, तीन प्रतींत अर्ज केले, ते काय एका ओट्यावर भागवायला? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कुंदाबाई, ओळखीवर चालायचे दिवस गेले. नोंदीवर चालायला पाहिजे." टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात टाळ्या दोनदाच पडल्या, त्यातली ही एक वेळ. त्या भरात अकरावा नियमही मंजूर झाला की दुपारी ओट्यावर बसून गप्पा मारू नयेत, त्यातून चोरांना घरातली माहिती मिळते. कुंदाबाई आपलं सूप घेऊन उठल्या आणि खाली निघून गेल्या.

सूचना क्रमांक चार अशी होती, 'घर बंद ठेवून परगावी जाताना शेजाऱ्यांना कल्पना द्यावी.' तेवीस घरी जाऊन तेवीसदा कल्पना कोण देणार? मी गेटजवळ गुलमोहराखाली एक मोठी काळी पाटी उभी करवली. रकाने पाडले. घर क्रमांक, नाव, कुठे जाणार, किती दिवस, किल्ली कोणाकडे. पांढऱ्या खडूने नावं, पिवळ्याने तारखा. येणारे जाणारे थांबून वाचायचे. पलीकडच्या कॉलनीतले लोक खास बघायला यायचे. एका बाईंनी मुलांना आणून दाखवलं, "बघा, अक्षर कसं असावं!" सगळ्या किल्ल्या नानांकडे, खिळ्यांच्या फळीवर, नंबरवार. एक तासासाठी बाहेर गेलात तरी किल्ली फळीवर आणि नोंद पाटीवर, असा नियम मीच केला आणि पहिल्यांदा मीच पाळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते नेतृत्व वाटलं.

आखाजी आठ दिवसांवर आली तेव्हा नाना स्टूल घेऊन घरी आले. चेहरा गंभीर.

"रतिलालभाऊ, घोटाळा आहे. मी विचार केला. चोर म्हणजे कसा? अनोळखी माणूस, भर दुपारी येतो, अमक्याचं घर कोणतं विचारतो, ट्रंक उचलून चालू लागतो."

"बरोबर."

"मग मुराळी म्हणजे कसा?"

सतरा घरच्या बायका आखाजीला जाणार होत्या. सतरा मुराळी येणार होते. सगळे अनोळखी, सगळे दुपारचे, सगळे रिकाम्या हाताने येऊन भरल्या हाताने जाणारे. कॉलनीचा प्रत्येक मेहुणा हा कायद्याच्या नजरेने चोर होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उपाय सापडला. मी पाटीवर आणखी एक रकाना वाढवला. 'मुराळ्याचे नाव, गाव व येण्याची वेळ.' आलेल्या माणसाने नाव सांगायचं, नानांनी पाटीशी ताडून बघायचं, जुळलं तर आत. नऊ नंबरसमोर मी लिहिलं, 'कौतिक, फैजपूर, दुपारी १२.' आणि पाटीच्या माथ्यावर लाल खडूने सुविचार लिहिला, 'ओळखीवर नको, नोंदीवर विश्वास ठेवा.'

सौ.ने पाटी वाचली. "बाहेरून कोणी वाचलं तर?" तिने विचारलं.

"वाचू दे की," मी म्हणालो. "चोराला वचक बसेल."

आखाजीच्या आदल्या दिवशी मी कचेरीत होतो. दुपारनंतरची रजा मंजूर होती. सौ.ची ट्रंक पहाटेच भरून दाराशी ठेवलेली. त्यात आईसाठी घेतलेलं हिरवं लुगडं सगळ्यात वर. माहेरी नव्या बांगड्या भरून जायचं, म्हणून ती अकराला बाजारात गेली. जाताना नियमाप्रमाणे किल्ली फळीवर. नानांनी नियमाप्रमाणे पाटीवर लिहिलं, 'घर ९, बाहेर ११ ते १२.' पुढचं मी पाहिलेलं नाही. मला ते तुकड्यातुकड्याने, आणि प्रत्येकाने स्वतःला वगळून सांगितलं.

साडेअकराला एक माणूस लोटगाडी घेऊन गेटवर आला. स्वच्छ पांढरा सदरा, डोक्याला उपरणं. तो पाटीसमोर बराच वेळ उभा होता, हे नानांनी पाहिलं. त्यांना वाटलं, अक्षर बघतोय.

"कोण?" नानांनी विचारलं.

"कौतिक. फैजपूर. नऊ नंबर."

नानांनी पाटी पाहिली. कौतिक, फैजपूर, नऊ. जुळलं. "अर्धा तास बिफोर टाइम," नाना म्हणाले, आणि रेल्वेतल्या माणसाला बिफोर टाइम गाडीचं किती कौतुक असतं ते सांगायला नको. त्यांनी वही पुढे केली. त्याने चौथा रकाना जाताना भरतो म्हणून बाकीचे भरले. किल्ली दिली.

"लोटगाडी कशाला?" नानांनी विचारलं. म्हणजे अगदीच विचारलं नाही असं नाही.

"घर आठ दिवस बंद राहील ना नाना. चोरांचा काय भरवसा? मोठं सामान घेऊनच जातो."

नानांना हे फार पटलं. असा दूरदृष्टीचा मेहुणा आपल्याला नाही, असंही त्यांच्या मनात आलं म्हणे. टीव्ही निघाला. मिक्सर निघाला. पितळी घंगाळ, दोन कोठ्या, घडीच्या खुर्च्या, शिलाई मशीन निघालं. दाराशी भरून ठेवलेली ट्रंक निघाली. कूलर एकट्याला उचलेना, तर दुसरी बाजू नानांनी धरली. कूलर हलवल्यावर खालचा वाघासारखा कुत्रा उठला, त्याने त्या माणसाकडे पाहिलं, आणि लोटगाडीच्या सावलीत जाऊन पुन्हा झोपला.

कुंदाबाई घरात होत्या, कारण नियम अकरा. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि तशाच बाहेर आल्या.

"नाना, हा पुष्पाबाईचा भाऊ नाही. मी कौतिकले ओळखते. दोन साल पाहून राहिली."

"बाई," नाना म्हणाले, "ओळखीवर नाही चालत. नोंदीवर चालतं." आणि त्यांनी पाटीच्या माथ्याकडे बोट दाखवलं. माझ्याच अक्षराकडे.

कुंदाबाई त्यावर काय म्हणाल्या ते नाना सांगत नाहीत. लोटगाडी निघाली. त्या माणसाने चौथा रकाना भरला, बारा वाजायला दहा मिनिटं, आणि सही केली. नानांनी एक लांब शिट्टी वाजवली आणि त्याला हिरवी झेंडी दाखवली.

बाराला खांद्यावर केळीचा घड घेऊन घामाघूम झालेला कौतिक आला. खरा.

"मी कौतिक," तो म्हणाला. "फैजपूरहून आलो. नऊ नंबर."

नाना हसले. म्हणाले, "कौतिक येऊन गेला." आणि तीन तुटक शिट्ट्या वाजवल्या.

त्यानंतर समितीने जी चपळाई दाखवली ती मी एरवी गौरवाने सांगितली असती. कूलरसमोरून सहा माणसं उठून आली. अध्यक्षांनी जीप काढली. कुंदाबाई 'हाच कौतिक' म्हणून ओरडल्या, तर त्यांना पुन्हा पाटी दाखवली. चार जणांनी कौतिकला धरलं, एकाने पुरावा म्हणून केळीचा घड धरला, नानांनी वही घेतली आणि वरात ठाण्यात पोचली. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी शाळेत शिकलो होतो, पण त्या संन्याशाशी माझं नातं निघेल अशी कल्पना नव्हती.

मला कचेरीत फोन आला. "रतिलालभाऊ, चोर पकडला! तुमच्याच घरासाठी आला होता!"

आता खोटं कशाला बोलू, मला आभाळ ठेंगणं झालं. मी उभा राहून साऱ्या कचेरीला ही बातमी सांगितली. साहेबांना जाऊन सांगितली. अर्धा किलो पेढे मागवले, वाटले, आणि वाटता वाटता नागरिकांनी जागरूक राहण्यावर सात-आठ मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा म्हणतो ती हीच वेळ. उरलेले पेढे घेऊन मी हवालदारांचं तोंड गोड करायला ठाण्यात गेलो.

बाकावर माझा मेहुणा बसला होता. शेजारी धनसिंग केळं सोलत होते.

"दाजी," कौतिक म्हणाला. "या लोकायले दहा वेळा सांगितलं मी कौतिक हाये. हे म्हनता, कौतिक येऊन गेला. मंग मी कोन?"

धनसिंग म्हणाले, "हाऊ म्हनस मी कौतिक. तुम्हनी वही म्हनस कौतिक ई गया. आम्ही कोनं ऐकानं?"

माझ्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिला जो आला होता," मी विचारलं, "तो काय घेऊन गेला?"

"तो," नाना हळूच म्हणाले, "सगळंच घेऊन गेला."

मी त्यांना तिथे काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तीस वर्षांत ज्या माणसाच्या मालगाडीचा एक डबा हरवला नाही, त्याने माझं अख्खं घर लोटगाडीवर चढवून दिलं आणि वर दुसरी बाजू धरली! त्यावर नाना काय म्हणाले? म्हणाले, "नियम तुमचा होता." माझा नियम! मी तक्रार लिहून घ्या म्हणालो, तर धनसिंगांनी पेन खाली ठेवलं.

"कुलूप तुटनं नही, कडी मोडनी नही. किल्ली तुम्हनी कमिटीनी दिधी. वर त्यानी सही शे. भाऊ, हाई चोरी कसी लिखू?"

"मग काय लिहिता?"

"फसवणूक." पण फसवणुकीचं काम बघणारे साहेब बायकोला घेऊन आखाजीला सासुरवाडीला गेले होते. ते आठ दिवसांनी येणार. त्यांच्या घराला कुलूप होतं की नाही हे मी विचारणार होतो, पण सरकारी माणसाने सरकारी माणसाला किती लाज आणावी? तोवर वही पुरावा म्हणून जमा. पाटीही पुरावा म्हणून जमा. दोन शिपाई जाऊन ती घेऊन आले आणि जागा नाही म्हणून ठाण्याच्या व्हरांड्यात उभी केली, रस्त्याकडे तोंड करून. सतरा बंद घरं, तारखांसह, सुवाच्य अक्षरात. मी ती उलटी करायला गेलो तर पुराव्याला हात लावता येत नाही म्हणाले. शेवटी मी म्हणालो, निदान झाकण्यापुरतं काही द्या. तेव्हा धनसिंगांनी केळीच्या घडावरचं पोतं दिलं. तेवढा एक माणसातला माणूस.

पोतं अडकवताना माझं भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे तेच पत्रक डकवलेलं होतं, स्वच्छ छापाचं. मी सात नंबर वाचला. 'आपण परगावी जात असल्याची माहिती चारचौघांत जाहीर करू नये.' मी ते तीनदा वाचलं. मग उरलेले पेढे त्या भिंतीखालच्या टेबलावर ठेवले आणि कौतिकला घेऊन बाहेर पडलो.

घरी पोचलो तेव्हा सौ. बैठकीच्या खोलीत उभी होती. उभी, कारण बसायला काही नव्हतं. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. टीव्हीच्या जागी भिंतीवर टीव्हीएवढा पांढरा चौकोन, आणि कूलरच्या खिडकीतून वैशाखाची सगळी झळ आत. तिची ट्रंक जिथे होती तिथे जमिनीवर ओढल्याचे दोन ओरखडे होते. ती त्याच ओरखड्यांकडे पाहत होती.

"आईचं लुगडं गेलं," ती म्हणाली.

मला रडू आलं. खरंच सांगतो, टीव्हीसाठी नाही आलं, कूलरसाठी नाही आलं. ते लुगडं तिने दोन दुकानं पालथी घालून घेतलं होतं, आणि मी तेव्हा दुकानाबाहेर सायकलला दोन कुलपं लावून उभा होतो.

कुंदाबाई आल्या. त्यांच्या काखेत कुरडयांचा डबा होता. तो त्यांनी सौ.च्या हातात दिला. आत कुरडयांखाली सौ.चं सगळं सोनं होतं. दोघींनी ते समितीला न कळवता, नोंद न करता, पंधरा दिवसांपूर्वीच तिथे ठेवलं होतं. मी काही बोलायला तोंड उघडलं, आणि दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. मग कुंदाबाईंनी पदराखालून एक घडीचं लुगडं काढलं. हिरवंच होतं. "माह्या भावानं देल्हं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईले माह्याकडून."

सौ.ने डोळे पुसले. घरभर एक फेरी मारली. स्वयंपाकघरात एक तवा आणि पोळपाट राहिला होता, तो तिने पाहिला. मग बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आता राखायला काय उरलं?"

मी शोधलं. इमानदारीने शोधलं. चार वर्षांची कारणं एकेक करून आठवली आणि त्यांतलं एकही लागू पडेना. मागच्या दाराची कडी लावली काय आणि न लावली काय. "काही नाही," मी म्हणालो.

"मग चला."

आम्ही सहाच्या गाडीने निघालो. कुंदाबाई आपल्या ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. नाना रिकाम्या गेटवर, पाटी नसलेल्या खांबांपाशी स्टुलावर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी हिरवी झेंडी वर केली. मी बघितलं नाही असं दाखवलं. स्टँडवर, माझ्या आयुष्यात प्रथमच, मला काहीही आठवेना आणि काही आठवायचंही नव्हतं. गाडी सुटली तेव्हा सौ. खिडकीशी बसली होती आणि यावलच्या पुढे केळीच्या बागा लागल्यावर ती काहीतरी गुणगुणत होती. मी विचारलं, "काय?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?"

फैजपूरला मी आठ दिवस राहिलो. चोरीची गोष्ट मला रोज सांगावी लागली. अख्खा वाडा ऐकायला यायचा. मी सांगायचो, संतापून सांगायचो. वही, रकाने, सही, हिरवी झेंडी, सात नंबर. लोक नानांच्या झेंडीला हसायचे तेव्हा मला जास्तच राग यायचा. कौतिक मात्र एकदाही हसला नाही. तो अजून अधूनमधून "मंग मी कोन?" म्हणतो.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई निंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. अंगावर कुंदाबाईंचं हिरवं लुगडं. समोर झोक्यावर त्यांची बावन्न वर्षांची लेक पाय लांब करून उंच उंच जात होती, बांगड्या वाजत होत्या आणि गाण्याचा आवाज गल्लीपर्यंत जात होता. मी त्यांच्या पाया पडलो आणि जाता जाता सहज म्हणालो की गेल्याबरोबर ठाण्यात जाणार आहे, त्या माणसाला मी सोडणार नाही. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला. झोक्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "तो चोर सापडला तं त्याले सांगजा, पुढच्या आखाजीलेबी ये म्हना."